मापासाठी कंगवा

जमादार म्हणाला, ठशाशेजारी काहीतरी ठेव,
साहेबाला माप कळलं पाहिजे.
माझ्या खिशात स्टुडिओतला कंगवा होता,
आरशाची सुतळी तुटून सकाळीच हातात आलेला,
दोन दात कमी.
तो ठेवला चिखलातल्या पावलाजवळ,
मग कुऱ्हाडीजवळ,
मग तुळशीदास झाडेच्या
उघड्या राहिलेल्या तळहाताजवळ.
अकरा फोटो. ठाण्यानं पैसे दिले सातांचे,
तेही मार्चात.

कंगवा धुतला, आरशाला पुन्हा बांधला.
त्यानंच भांग पाडले
नवरदेवांनी, दहावीच्या पोरींनी.

त्या आठवड्यात घाटंजीत कुणाला फोटो काढायचा नव्हता,
सगळ्यांना पाहायचा होता.
"दाव ना गा एकडाव. कोनाले सांगत नाही."
मास्तर आले, कृषी केंद्रवाला आला,
रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून बाया आल्या,
पदर तोंडावर, डोळे मोकळे.
मी म्हणालो, सगळं ठाण्यात जमा आहे.
खोटं होतं.
एक सेट ड्रॉवरमध्ये होता.
रात्री शटर ओढून मीही काढायचो तो.
का, ते मला विचारू नका.

मग शालिक भोयरला धरलं.
वीटभट्टीच्या हिशेबावरून त्यांचं भांडण झालं होतं,
पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली, सगळ्यांसमोर.
तेवढं पुरलं.
पानठेल्यावर खटला रोज उभा राहायचा:
पन्नीत खर्रा घोटता घोटता
साक्षी, उलटतपासणी,
आणि तंबाखूला चुना लागेपर्यंत फाशी.
"डोये पाय ना त्याचे, पयलेपासूनच तसे होते."
"कोर्टात कायले नेता? चौकातच लटकवा."
मग घड्याळ बघून जेवायला जायचे.
भूक चांगली लागायची त्या दिवसांत.

जिल्ह्याहून पेपरवाला आला. म्हणाला, चेहरा हवा.
माझ्याकडे होता.
शालिकच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते.
कात्रीनं बाशिंग कापलं. हार कापला.
बाजूनं खांद्यावर आलेली
मेंदीची चार बोटं उरली होती, तीही कापली.
हसू कापता येत नाही.
छापून आल्यावर गाव म्हणालं,
"पाय, हासते कसा हरामखोर."

साडेपाच वर्षं.
यवतमाळच्या कोर्टात माझी साक्ष चार मिनिटं चालली.
वकिलानं विचारलं, फोटोतला हा कंगवा लांबीला किती?
मी हातानं दाखवलं.
हातानं नको, आकड्यात सांगा.
मी तो कधी मोजलाच नव्हता.

तो सुटला त्या संध्याकाळी पानठेल्यावर
कुणी उधारी मागितली नाही, कुणी दिली नाही.
"सुटला म्हंजे का केलंच नाही, असं थोडी हाय?"
कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं वाया गेली.
कुणाची, ते बोलला नाही.
तुळशीदासची माय
कोर्टातून कोणत्या बसनं परत आली,
हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.
आम्ही, ज्यांनी सगळं पाहिलं होतं.

मागच्या मंगळवारी शालिक दुकानात आला.
रेशनकार्डाला फोटो पाहिजे म्हणाला.
कानामागचे केस पिकलेले,
शर्टाची वरची गुंडी लावलेली.
आरशापुढे उभा राहून
त्यानं सुतळीसकट कंगवा उचलला,
सावकाश भांग पाडला.
दात नव्हते तिथले केस
तसेच उभे राहिले.

स्टुलावर बसला. काचेबाहेर बघता बघता
सात-आठ जण जमले, कुणी सायकल टेकवून, कुणी पोर कडेवर घेऊन.
मी पडदा ओढला.
सवयीनं म्हणालो, जरा हसा.
"नको," तो म्हणाला.

फ्लॅश उडाला.
त्यानं चार कॉप्या मागितल्या.
मी पाच काढल्या.